कवच उतरवताना

परीक्षा संपल्या की घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो : आता मुलांनी दिवसभर करायचे काय? दुपारी बाहेर पाठवावे तर उन्हाचा तडाखा आणि घरात ठेवावे तर हातात मोबाइल. लहान मुलांची सोय शिबिरांत तरी होते. पण तेरा-चौदा वर्षांचे मूल शिबिराच्या पत्रकाकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला कुणी शिकवायला आलेले नको असते आणि रिकामा वेळही सोसत नाही. तुमच्या घरी या वयाचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

विषय थोडा वेगळा आहे. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून तयार होणारा, वीतभरही उंच नसलेला एक यंत्रमानव. त्याच्या अंगावरचे कवच उतरवता येते आणि पुन्हा चढवता येते. तो कसा बांधावा, त्याची पारख कशी करावी, बांधताना हातांची आणि डोळ्यांची काळजी कशी घ्यावी, हे तुम्हाला सांगायचे आहेच. त्याबरोबर या खेळात आईवडिलांनी कुठे हात घालावा आणि कुठे तो मागे घ्यावा, हेही सांगायचे आहे. हे शेवटचे मला चूक केल्यावर कळले.

खोक्यात यंत्रमानव नसतो

गेल्या मे महिन्यात, जपानमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने भाच्यासाठी एक खोके आणले. आदल्या जूनमध्ये मुलाची शाळा बदलली होती. जुने मित्र सुटले होते, नवे जमले नव्हते आणि आमच्याशी त्याचे बोलणे ‘हो’, ‘नाही’ आणि ‘काही नाही’ या तीन उत्तरांवर येऊन थांबले होते. मामाने दिलेले खोके त्याने उघडले, आत डोकावले आणि झाकण पुन्हा लावून टाकले.

कारण उघड होते. झाकणावरच्या चित्रात दिमाखदार यंत्रमानव उभा होता. आत मात्र प्लास्टिकच्या चपट्या चौकटी होत्या आणि फांदीला कैऱ्या लगडाव्यात तसे त्या चौकटींना बारीक बारीक भाग लगडलेले होते. सोबत चित्रांची एक पुस्तिका, तीही जपानी भाषेत.

खोके पुन्हा उघडले ते माझ्या सासऱ्यांनी. आबांची उभी हयात पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात प्लास्टिकचे साचे बनवण्यात गेली. त्यांनी एक चौकट उजेडापुढे धरली आणि ते हसले. “अरे, हा तर आमचाच धंदा!” मग त्यांनी नातवाला समजावले : वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात सोडतात. ते ज्या वाटांनी वाहत जाते, त्या वाटांतले प्लास्टिक थंड झाले की ही चौकट उरते. तिला रनर म्हणतात. रनरमधून प्रत्यक्ष भागात शिरण्याचे जे चिंचोळे तोंड, ते गेट. “साचा चांगला आहे का, हे कसं ओळखायचं सांगू? दोन भाग जोड आणि सांध्यावरून नख फिरव. नख अडलं, तर साचा थकलाय.”

मुलाने दोन तुकडे कापून जोडले आणि नख फिरवले. ते अडले नाही. त्यानंतर ते खोके बंद झाले नाही.

तुमच्या हाती असा संच आला, तर पहिला अर्धा तास याच ओळखीला द्या. बहुतेक भाग पॉलिस्टायरीन नावाच्या कडक प्लास्टिकचे असतात. खांदे, कोपर, गुडघे अशा वळणाऱ्या जागी बसवायला लवचीक, रबरासारखे वाटणारे छोटे तुकडे असतात, ते पॉलिइथिलीनचे. कडक खुंटी लवचीक खोबणीत घट्ट बसते आणि तरीही फिरते, यावर या बाहुल्याची सारी हालचाल अवलंबून आहे. डिंक लागत नाही. भाग एकमेकांत दाबून बसवायचे असतात.

अठरा मीटर आणि साडेबारा सेंटिमीटर

हा यंत्रमानव ‘गंडम’ या जपानी कथाविश्वातला. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ‘मोबाइल सूट गंडम’ ही चित्रमालिका एप्रिल १९७९ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. प्रेक्षकांचा प्रतिसाद इतका थंड होता की ५२ भागांची योजना ४३ भागांत आवरती घ्यावी लागली आणि जानेवारी १९८० मध्ये मालिका संपली. पुढे जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीने त्या यंत्रमानवाचा पहिला जोडणी-संच बाजारात आणला. त्याची किंमत ३०० येन होती आणि तो डिंकाने चिकटवावा लागे. पुनःप्रक्षेपणांमुळे मालिका आणि या संचांमुळे तिची ओळख, दोन्ही एकमेकांच्या आधाराने वाढत गेली. जपानमध्ये या संचांना ‘गनप्ला’ म्हणतात. शिझुओका शहरात त्यांचा मोठा कारखाना २००६ पासून चालतो. प्लास्टिकच्या प्रतिकृतींसाठी ते शहर पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तिथलीच तामिया ही कंपनी मुळात लाकडाच्या व्यवसायातून या क्षेत्रात आली.

संचांच्या श्रेणी असतात, त्या खरेदीपूर्वी समजून घ्या. १९९० पासूनची ‘हाय ग्रेड’ सोपी. तिचे प्रमाण बहुधा १४४ ला १. १९९५ मध्ये आलेली ‘मास्टर ग्रेड’ १०० ला १. तिच्यात आतल्या यंत्ररचनेवर भर असतो आणि अनेक संचांत संपूर्ण सांगाडा आधी बांधून त्यावर कवचाचे भाग चढवायचे असतात. १९९८ पासूनची ‘परफेक्ट ग्रेड’ ६० ला १. ती महाग आणि दीर्घ चिकाटीची. कथेतला गंडम १८ मीटर उंच आहे. तुमच्या मुलालाच हिशेब करू द्या : अठराशे सेंटिमीटर भागिले १४४, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर, भागिले १००, म्हणजे अठरा, भागिले ६०, म्हणजे तीस. प्रमाण म्हणजे काय, हे वहीत समजावताना जे कष्ट पडतात ते इथे पडत नाहीत.

आमच्या खोक्यात होता तो ‘ॲलेक्स’; २००४ मधला हाय ग्रेड संच. या यंत्रमानवाचे वैशिष्ट्य असे की त्याच्या नेहमीच्या अंगावर आणखी एक जाड कवच चढते. कथेत त्याला चॉबम कवच म्हणतात. हे नाव खरे आहे : इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या चॉबम इथे १९६० च्या दशकात रणगाड्यांसाठी अनेक थरांचे एक चिलखत विकसित झाले, त्यावरून ते घेतलेले. कथेत एका झटापटीत शत्रू ॲलेक्सभोवती सुरुंगांची माळ गुंडाळतो. स्फोट होतो, कवचाच्या चिंधड्या उडतात आणि धुरातून आतला यंत्रमानव जसाच्या तसा उभा दिसतो. बाहेरचे फुटते म्हणून आतले वाचते, ही त्या कवचाची कल्पना. संचातही हेच दोन थर तुम्ही स्वतःच्या हाताने घडवता.

हात, डोळे आणि हवा

हा लेख आरोग्याच्या पाक्षिकात असल्याने येथे थोडे सविस्तर सांगते.

हाय ग्रेडच्या खोक्यांवर साधारणतः आठ वर्षे व त्यापुढील वय छापलेले असते. तरीही तुमच्या खोक्यावरचे वय पाहूनच संच द्या. घरात तीन वर्षांखालचे बाळ असेल, तर काम उंच टेबलावर करा आणि उठताना सारे भाग झाकणाच्या डब्यात ठेवा. हे तुकडे घशात अडकण्याच्या आकाराचे असतात.

साहित्य मोजकेच लागते : एक चांगला साइड कटर, एक बारीक पात्याचा चाकू, ४०० ते १००० क्रमांकाचे वॉटर पेपर आणि एक चिमटा. नखे कापण्याचे नेलकटर वापरू नका. त्याने भाग चिरडला जातो. कापताना दोनदा कापा. पहिल्यांदा भागापासून थोडे दूर, म्हणजे तो चौकटीतून मोकळा होतो. दुसऱ्यांदा उरलेले टोक भागालगत. एकाच फटक्यात भागालगत कापले, तर प्लास्टिकवर ताण येऊन पांढरा डाग उमटतो आणि तो जात नाही. कापलेला तुकडा डोळ्याकडे उडू शकतो, म्हणून चौकट खाली धरा. चष्मा नसेल तर साधा संरक्षक चष्मा लावा.

चाकू मात्र पहिल्या दिवशी मुलाच्या हाती देऊ नका. द्याल तेव्हा एकच नियम पक्का करा : पात्याच्या वाटेत आपले बोट कधीही नसावे. तरीही कापले, तर जखम वाहत्या पाण्याने धुवा आणि स्वच्छ कापडाने दहा मिनिटे, मध्ये न उघडता, दाबून धरा. रक्त थांबत नसेल, जखम खोल असेल किंवा बोट बधिर वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताच्या लसीची नोंदही या निमित्ताने तपासा. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ती दिली जाते आणि अनेक घरांत हे दोन्ही डोस विसरले जातात.

घासण्याचे काम पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरनेच करा, म्हणजे प्लास्टिकची भुकटी नाकात जात नाही. रंग द्यायचाच असेल, तर सुरुवातीला पाण्यात मिसळणारे रंग किंवा मार्कर पुरेत. थिनरचे आणि फवाऱ्याचे रंग बंद खोलीत वापरू नका. आपण धुळीसाठी लावतो तो मास्क रसायनांची वाफ अडवत नाही, हे लक्षात ठेवा. शिवाय दाबून बसवलेल्या, ताणाखालच्या भागांवर थिनर गेले तर ते तडकू शकतात. त्यामुळे हे टाळण्यात फुप्फुसांचे आणि यंत्रमानवाचे, दोघांचेही हित आहे.

डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहण्याचा नियम पाळा. दिवा उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या बाजूला ठेवा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. पलंगावर वाकून बसू नका. संच म्हणजे मैदानाला पर्याय नव्हे. वाढत्या वयाच्या डोळ्यांना रोज दोन तास उघड्यावरचा उजेड हवा, तो सकाळ-संध्याकाळ मिळू द्या.

सहा संध्याकाळी

आम्हाला सहा संध्याकाळी लागल्या, दर वेळी तासभर. पहिल्या दिवशी डोके आणि धड, दुसऱ्या दिवशी हात, मग कंबर आणि पाय. पुस्तिका जपानी असली तरी अडत नाही. प्रत्येक चौकटीला एक अक्षर आणि प्रत्येक भागाला एक आकडा असतो. चित्रात बाणाने दिशा दाखवलेली असते. फक्त एक सवय लावून घ्या : दाबण्याआधी भाग कोणत्या बाजूने बसतो ते दोनदा पाहा. एकदा घट्ट बसलेला भाग चुकीचा निघाला, तर तो सोडवताना हमखास काहीतरी मोडते.

पाचव्या संध्याकाळी यंत्रमानव स्वतःच्या पायांवर उभा राहिला. निळा-पांढरा, हलका, चपळ वाटणारा. मुलाने त्याला गुडघ्यावर बसवले, हात उचलायला लावला, मान वळवली. सहाव्या संध्याकाळी कवच. छातीवर, खांद्यांवर, दंडांवर, मांड्यांवर एकेक जाड तुकडा चढत गेला आणि तो सडसडीत देह पाहता पाहता बोजड झाला. हात पूर्ण वळेनात, पाय जेमतेम हलू लागले. मुलगा म्हणाला, “आता हा सेफ आहे, पण ह्याला काही करता येत नाही.”

मी आणि आबांनी एकमेकांकडे पाहिले. दोघांनीही काही विचारले नाही. त्या आठवड्यातले माझे तेवढे एक वागणे बरोबर होते.

पारख कशी करावी

संच पूर्ण झाला की मुलालाच त्याचे परीक्षण लिहायला सांगा. ‘छान आहे’ एवढ्यावर सोडू नका. आम्ही सहा प्रश्न ठरवले. ते तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न : भाग नीट बसतात का? सांध्यावर नख फिरवा. फट किंवा पायरी जाणवली तर तशी नोंद करा. आमच्या संचात ती जाणवली नाही. मात्र या पिढीच्या संचांत हातापायांचे दोन अर्धे भाग जिथे जुळतात, तिथे एक बारीक रेषा दिसते. वॉटर पेपरने ती कमी करता येते, पण ती आहे असे लिहायला कचरू नये.

दुसरा : रंग कशाने आला आहे, प्लास्टिकने की स्टिकरने? प्लास्टिकचा रंग टिकतो, स्टिकर कडेने सुटतो. आमच्या यंत्रमानवाचे डोळे चमकत्या स्टिकरचे आहेत आणि ते चिमट्याने लावावे लागले.

तिसरा : तो आधाराशिवाय उभा राहतो का? एक पाय पुढे टाकून, हातात शस्त्र देऊन पाहा. टेबल हलके हलवा.

चौथा : किती वळतो? कोपर आणि गुडघा आधी कवचाशिवाय आणि मग कवचासह वळवून दोन्ही कोन कोनमापकाने मोजा. इथे फरक मोठा पडतो. तो दोष समजू नका. जाड कवचाची ती किंमतच आहे. पण विकत घेणाऱ्याला ती माहीत हवी.

पाचवा, आणि अशा संचात सर्वांत महत्त्वाचा : कवच कसे निघते? ते इतके सैल नको की उचलताच गळून पडावे आणि इतके घट्टही नको की काढताना खुंटी वाकावी. दहा वेळा काढून-चढवून पाहा. पहिल्या खेपेइतकीच पकड दहाव्या खेपेला राहिली का, खालच्या अंगावर ओरखडे उठले का, हे पाहा. काढण्याची रीतही लिहून ठेवा : आधी जोडाची फट शोधायची, तिथे नख घालायचे, मग खुंटीच्या दिशेने सरळ ओढायचे. पिरगळायचे नाही.

सहावा : कंटाळा कुठे आला? हे प्रामाणिकपणे लिहायला सांगा. मुलाने लिहिले, “दुसरा पाय. कारण तो पहिल्या पायासारखाच असतो.” त्याहून नेमके परीक्षण मी वाचलेले नाही.

खरेदी करताना एक सावधगिरी बाळगा. प्रसिद्ध संचांच्या नकला स्वस्तात मिळतात. त्यांत कोणते प्लास्टिक वापरले आहे याची खात्री नसते, भाग बसत नाहीत आणि मुलाला वाटते की आपल्यालाच जमले नाही. पहिल्याच अनुभवात तसे वाटू देण्यापेक्षा लहान पण अस्सल संच घ्या.

तुटलेली खुंटी

आता माझी चूक सांगते.

संच पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या होत्या. मुलगा आत होता. मी कौतुकाने यंत्रमानव उचलून आणला आणि म्हणाले, “बघा ना, ह्याचं कवच निघतं.” खांद्यावरचा तुकडा मी धरला, तो निघेना, म्हणून जरा पिरगळला. टक् असा आवाज झाला. आतली खुंटी मोडून खोबणीतच राहिली आणि कवचाचा तुकडा माझ्या हातात आला.

मुलगा दारात उभा होता. तो रागावला नाही, रडला नाही. त्याने माझ्या हातातून तुकडा घेतला, यंत्रमानव घेतला, दोन्ही खोक्यात ठेवले आणि दार लावून घेतले. रात्री जेवताना पुन्हा तीच तीन उत्तरे.

मला लगेच उपाय सुचला : भावाला सांगून नवा संच मागवायचा. आबांना तसे बोलले, तेव्हा ते म्हणाले, “नवा आणशील तर तो तू आणलेला असेल. मोडलेला तो त्याने केलेला आहे.” मग जरा थांबून म्हणाले, “तू विचारलं होतंस का त्याला, हात लावण्याआधी?”

विचारले नव्हते. वस्तू मोडली, हे त्यातले लहान दुःख होते. जे कवच मुलाने स्वतःच्या हाताने चढवले, ते त्याच्या अपरोक्ष, दुसऱ्या कुणाला दाखवण्यासाठी मी उतरवायला गेले होते. गेले वर्षभर त्याच्या गप्प राहण्याशी मी नेमके हेच करत होते. पाहुण्यांसमोर “हा हल्ली बोलतच नाही” असे म्हणायचे आणि मग तो बोलेल अशी अपेक्षा ठेवायची.

मी त्याच्या खोलीत गेले आणि एवढेच म्हणाले, “माझं चुकलं. आधी तुला विचारायला हवं होतं.” त्याने ‘हं’ म्हटले. मी बाहेर आले. पुढे काही बोलण्याचा मोह मी आवरला, आणि तुम्हालाही तोच सल्ला देते : अशा वेळी माफी लहान असावी आणि तिच्या शेवटी प्रश्नचिन्ह नसावे.

तिसऱ्या दिवशी तो आबांकडे गेला आणि ‘हे दुरुस्त होतं का’ म्हणून विचारू लागला. होते. ते कसे, हे तुमच्याही उपयोगाचे आहे. मोडलेल्या दोन्ही तोंडांच्या मधोमध हातड्रिलने बारीक छिद्र पाडायचे. जुन्या वायरमधली तांब्याची तार छिद्रात जाईल इतकी कापायची. ती दोन्हीकडे बसवून, चटकन चिकटणाऱ्या डिंकाचा टाचणीच्या टोकावर मावेल एवढा थेंब लावायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. हा डिंक बोटांना लागून बोटे चिकटली, तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवत हळूहळू सोडवा. डोळ्यात गेला तर पाण्याने धुवा आणि तातडीने डॉक्टरांकडे जा.

आबांचे हात आता थोडे थरथरतात. त्यामुळे त्यांनी सांगायचे आणि नातवाने करायचे, अशी वाटणी आपोआप झाली. खुंटी किंचित तिरकी बसली आहे. कवच चढते, उतरते. मात्र त्या खांद्यावर ते आता एका विशिष्ट रीतीनेच निघते आणि ती रीत फक्त मुलाला माहीत आहे.

खिशातले युद्ध

ॲलेक्स ज्या कथेत येतो, ती १९८९ मधली सहा भागांची चित्रकथा आहे. तिच्या नावाचा अर्थ ‘खिशातले युद्ध’. तिचा नायक अल हा शाळकरी मुलगा आहे. त्याला युद्ध म्हणजे यंत्रमानवांची मजा वाटते. मग त्याची एका तरुण शत्रुसैनिकाशी मैत्री होते. शेजारी राहणारी ताई हीच ॲलेक्सची चालक आहे, हे त्याला फार उशिरा कळते. शेवटच्या लढाईत तो मित्र मरतो. आणि आपण कोणाला मारले हे त्या ताईला कधीच कळत नाही. शेवटी शाळेच्या सभेत अल रडत असतो. मित्रांना वाटते, युद्ध संपले म्हणून हा रडतो आहे. ते त्याची समजूत घालतात की लवकरच आणखी मोठे युद्ध होईल.

लहान मुलांसाठी ही कथा नाही. पण तेरा-चौदाच्या पुढच्या मुलांसोबत बसून ती पाहाल, तर ‘यंत्रमानव आणि बंदुका यांनी मुले हिंसक होतील का’ या तुमच्या चिंतेवर बोलायला एक खरी जागा मिळेल. आम्ही पाहिली. शेवट झाल्यावर मुलाने एकच वाक्य उच्चारले : “त्या मित्रांना कळलंच नाही, तो का रडतोय.” मी फक्त ‘हो’ म्हणाले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. जोडणी-संच हे औषध नव्हे. तुमचे मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, झोप-भूक बदलली असेल, पूर्वीच्या आवडींतून मन उडाले असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा समुपदेशकांशी बोला. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा मुलाच्या तोंडून आली, तर एक दिवसही थांबू नका.

संच काय करतो, ते एवढेच : सहा संध्याकाळी दोन-तीन पिढ्यांना एका दिव्याखाली, एकमेकांच्या डोळ्यांत न पाहता, शेजारी बसवतो. या वयाच्या मुलांना समोरासमोर बसून बोलणे जड जाते. हात कामात असले की शब्द सोपे होतात. तुम्ही कटर पुढे करा, भाग शोधून द्या, हिशेब विचारा. पण शेवटचा दाब त्यालाच देऊ द्या, आणि कवच त्यालाच उतरवू द्या.

सुट्टी संपण्याच्या आदल्या रात्री मी ओट्याशी होते. मुलगा एक स्टीलची ताटली मागून घेऊन गेला. थोड्या वेळाने पाहिले, तर तो कवचाचा एकेक तुकडा उतरवून ताटलीत ओळीने ठेवत होता. तिरक्या खुंटीचा सर्वांत शेवटी. मी पाणी प्यायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळले. मान वर न करता तो म्हणाला, “आमच्या वर्गात एक जण आहे. त्याच्याकडे पण असे दोन आहेत. त्याला एकदा घरी बोलावू का?”

मी म्हणाले, “बोलाव की.” आणि तांब्या भरायला वळले.